हॅलोरन क्रीकची नालेसफाई

एकतीस वर्षं नगरपालिकेत अभियंता म्हणून काढली. तेवढ्या काळात मी लोकांना किती नोटिसा काढल्या असतील, देव जाणे. ओटा वाढवला, काढ नोटीस. गटारीवर फरशी टाकली, काढ नोटीस. एकदा तर सख्ख्या साडूला काढली होती आणि पुढच्या दोन दिवाळ्या त्या घरचा फराळ आमच्याकडे आला नाही. पण मला स्वतःला कुणी कधी नोटीस काढली नव्हती. तो मान मला वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, ऑगस्ट दोन हजार नऊमध्ये, कॅनडातल्या एका नगरपालिकेनं दिला. तोही घरी येऊन, हातात. आणि नोटिशीवर नाव माझं नव्हतं, माझ्या मुलीचं होतं.

मुलगी म्हणजे चैत्राली. तिचं घर व्हँकुव्हरच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी. जावईबापू सहा महिन्यांसाठी कामानिमित्त मार्कहॅमला गेले होते, म्हणून मी आणि बायको अरुणा नातीला सांभाळायला इथे आलो होतो. घराच्या मागे डेक, डेकमागे लॉन, लॉनच्या टोकाला कुंपण, कुंपणाला छोटंसं फाटक आणि फाटकापलीकडे एक नाला. सगळे त्याला हॅलोरन क्रीक म्हणत. मी नालाच म्हणायचो, कारण नाला मला ओळखता येतो. दोन-अडीच मीटर रुंद, पाणी कुठे घोट्याएवढं, कुठे गुडघ्याएवढं, आणि प्रवाहात आडवेतिडवे ओंडके, धोंडे, फांद्या, दोन्ही काठांना झुडपांचं रान. असा नाला माझ्या हद्दीत सापडला असता तर मी मुकादमाला उभा जाळला असता.

तरीही मी पंधरा दिवस गप्प होतो. याला साक्षीदार आहेत. ठिणगी टाकली ती शेजारच्या ग्रेवालजींनी. कुंपणावर हात ठेवून ते म्हणाले, "भाईसाहब, पिछले नवंबर में मेरी बेसमेंट में घुटने तक पानी था. नया कार्पेट गया, सोफा गया, सब गया."

मी फाटक उघडून नाल्याकडे बोट दाखवलं. "यही है ना कारण?"

"और क्या होगा!" ग्रेवालजी म्हणाले. (त्यांच्या बेसमेंटमध्ये पाणी येण्याचं खरं कारण त्यांचाच तुंबलेला पावसाळी पाइप होता, हे नंतर प्लंबरनं सांगितलं. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.)

मी अरुणाला म्हटलं, "पावसाळ्यापूर्वीची नालेसफाई झालेली नाही इथे."

"मग सिटीला फोन करा," ती म्हणाली.

"अगं, नगरपालिकेला फोन केला आणि काम झालं, असं मी एकतीस वर्षांत पाहिलेलं नाही. आणि मी हे आतून सांगतोय."

म्हणून मी स्वतःच कामाला लागलो. चैत्राली सकाळी आठला ऑफिसला जायची, नात ऊर्मी समर कॅम्पला. ती आठ वर्षांची आहे आणि घरी तिची सत्ता चालते, म्हणून काम संपेपर्यंत दोघींनाही काही सांगायचं नाही, एकदम दाखवायचं, असं ठरवलं. गराजमधून फावडं, दोर, पाना आणि एकचाकी ढकलगाडी घेतली आणि नऊ दिवस राबलो. पण मी काही अडाणी माणूस नाही. मोजमाप पुस्तकात नोंद झाल्याशिवाय नगरपालिकेत एक घमेलं माती हलत नाही, निदान कागदावर तरी हलत नाही. तेव्हा पहिल्या दिवशी डॉलर स्टोअरमधून एक जाड वही आणली, रेघा मारल्या आणि काढण्यापूर्वी प्रत्येक वस्तूची नोंद केली. 'ओंडका क्रमांक १, लांबी ३.४० मीटर, जाड टोक डाव्या काठाकडे, कुंपणाच्या कोपऱ्यापासून ६.२० मीटर, पाण्याखाली अर्धा.' असे तेवीस ओंडके आणि एकशे बारा धोंडे. अरुणानं 'कामापूर्वी' आणि 'कामानंतर' असे फोटो काढले. एका फोटोत माझं डोकं कापलं गेलं आहे, तिला वाटतं ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

आता एक कबुली द्यायला हवी. बरेचसे ओंडके पोलादी तारेनं धोंड्यांना बांधलेले होते. तारेला बोल्ट, बोल्टला नट. निसर्ग नट लावत नाही हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण माणसाचं डोकं त्याच्या नोकरीच्या वाटेनं चालतं. मला वाटलं, अतिक्रमण! कुणीतरी हळूहळू लाकडं बांधून जागा बळकावतंय. मी पान्यानं नट सोडवले, आणि ते करताना मनातल्या मनात अतिक्रमणधारकाला दोन शिव्याही घातल्या.

ओंडके ग्रेवालजींनी आनंदानं नेले. धोंडे अरुणानं मेथीच्या वाफ्याला लावले आणि उरलेले महाराष्ट्र मंडळाच्या पद्मजाताई सरी नावाच्या गावी, आपल्या घरी घेऊन गेल्या, त्यांना बागेत छोटं तळं करायचं होतं. काठावरची झुडपंही मी उपटली. फक्त काटेरी ब्लॅकबेरी तेवढी ठेवली. तिचं नाव हिमालयन ब्लॅकबेरी असं कळलं होतं, म्हणजे आपल्याकडचंच माणूस, आणि फळंही गोड होती. नवव्या दिवशी कंबर धरली, म्हणून खालच्या वळणावरचा एक खोल डोह राहून गेला. पण वरचा नाला मात्र सरळ, स्वच्छ, खळखळ वाहायला लागला. त्याच दिवशी मी सिटीला चार पानी पत्र लिहिलं. विषय, संदर्भ, सोबत फोटो जोडले. 'आपल्या कार्यालयाकडून राहून गेलेले काम नागरिकाने स्वखर्चाने पूर्ण केले असून यापुढे दरवर्षी नियमित सफाई व्हावी,' अशी विनंतीही केली. स्वतःविरुद्ध पुराव्यासकट तक्रार करणारा माणूस त्यांच्या दप्तरात तरी मी पहिलाच असणार.

संध्याकाळी मी दोघींना फाटकापाशी घेऊन गेलो. "बघा!"

चैत्राली पाहतच राहिली. ऊर्मी पुढे गेली, वाकली, पाण्यात बघत राहिली. मग तिनं विचारलं, "व्हेअर आर द बेबीज?"

"कुठली बेबी?"

चैत्राली खालच्या आवाजात म्हणाली, "बाबा, हिच्या वर्गानं जानेवारीत सॅमनची अंडी आणली होती. वर्गात टाकी ठेवून वाढवली. मे महिन्यात पिल्लं इथे सोडली. वर्षभर ती याच पाण्यात राहतात, ओंडक्यांच्या आडोशाला. ते ओंडके सिटीनं मुद्दाम आणून बांधले होते, बाबा. माशांसाठी."

मी म्हटलं, "गटारात मासे?" याहून वाईट उत्तर सुचणं शक्य नव्हतं. ऊर्मीनं माझ्याकडे एकदाच पाहिलं. रागानं नाही, राग परवडला असता. मग ती घरात गेली आणि त्या दिवसापासून तिनं माझ्याशी बोलणं टाकलं. जेवताना शेजारी बसून आजीला म्हणायची, "आजी, कॅन यू आस्क हिम टू पास द तूप?"

मला वाटलं होतं, सिटीला पत्र पोचून फाइल फिरेपर्यंत दिवाळी येईल. सिटी दोन दिवसांत दारात आली. तिथेच माझा धीर सुटला. हीथर नावाची बाई, गमबूट, हातात क्लिपबोर्ड, वय असेल पस्तीस, सिटीच्या पर्यावरण खात्यातली जीवशास्त्रज्ञ. ती माझ्यावर ओरडली असती तर मी ओरडून उत्तर दिलं असतं, तो अनुभव मला आहे. पण ती नाल्याच्या काठी बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "ओह, मिस्टर देशकर." बस, एवढंच. मग नोटीस दिली. घर चैत्रालीच्या नावावर, म्हणून नोटीस तिच्या नावे. पंधरा सप्टेंबरच्या आत क्रीक पूर्ववत करावा, कारण त्यानंतर पाण्यात उतरायला बंदी. पुढे मोठे मासे समुद्रातून अंडी घालायला वर येतात.

ज्या पोरीनं आयुष्यात लायब्ररीचं पुस्तकसुद्धा उशिरा परत केलं नाही, तिचं नाव मी नगरपालिकेच्या दप्तरात चढवलं होतं. त्या रात्री मी जेवलो नाही. म्हणजे, फक्त दही-भात खाल्ला.

बातमी पसरली आणि सल्ले सुरू झाले. ग्रेवालजी म्हणाले, "बोल दो कि अंग्रेजी नहीं आती." चार पानी इंग्रजी पत्र लिहिल्यावर हे कसं बोलायचं, ते त्यांनी सांगितलं नाही. मंडळाचे नंदकुमार सदुसष्ट साली इथले कायदे सैल झाल्यावर आलेल्या पहिल्या मंडळींपैकी. त्यांनी फोनवर आवाज खाली आणून सांगितलं, "देशकर, बीव्हरवर ढकला, तो दातांनी लाकडं कापून नाले अडवणारा प्राणी. या देशात बीव्हरनं केलं म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही."

"पण नट पान्यानं सोडवलेत हो!"

"मग दोन बीव्हर म्हणा," नंदकुमार म्हणाले आणि फोन ठेवला.

मी ठरवलं की पळवाट काढायची नाही. लोकांच्या पळवाटा बुजवण्यात उमेदीची वर्षं गेली, आता स्वतःच कुठे बोळ शोधत फिरू! दुसऱ्या दिवशी शर्ट इन करून सिटी हॉलमध्ये हीथरसमोर जाऊन बसलो. ओंडका परत ठेवायला काय लागतं, ते तिनं समजावून सांगितलं. मी ऐकत होतो आणि माझ्यातला जुना नोकर हळूहळू आदरानं उठून उभा राहत होता. मासे केंद्र सरकारचे, पाणी प्रांताचं, काठ सिटीचा आणि चूक माझी. आधी मासे जाळ्यानं पकडून सुरक्षित हलवायचे, त्याची वेगळी परवानगी. मग मशीन आणायचं, पण त्या मशीनमध्ये वनस्पती तेल हवं, गळलं तरी पाण्याला अपाय नको. मी चकित झालो. आमच्या आळीत चतुर्थीलासुद्धा इतकं सोवळं कुणी पाळत नाही. आणि हे सगळं कुठल्या ओंडक्याला कुठे ठेवायचं त्याच्या नकाशाप्रमाणे.

"अडचण तीच आहे," हीथर म्हणाली. "लाकडं बांधून आठ वर्षं झाली. पुरात ती सरकली, रुतली, पाण्यानं त्यांच्याभोवती डोह कोरले. आता ती नेमकी कुठे होती, हे कुणालाच ठाऊक नाही. अंदाजानं ठेवली तर डोह परत व्हायला आणखी आठ वर्षं."

मी बॅग उघडून वही काढली आणि टेबलावर ठेवली.

तिनं पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं. तिला मराठी येत नव्हतं, पण आकडे आणि आकृत्या कळत होत्या. तेवीसच्या तेवीस ओंडके, एकशे बारा धोंडे, अंतर, खोली, जाड टोक कुठे आणि बारीक कुठे. शेवटी माझी सही आणि तारीख, प्रत्येक पानावर. तिनं शेजारच्या टेबलावरच्या दोघांना बोलावलं. तिघंही वहीवर वाकले. एकानं विचारलं, "हे कुणी करायला सांगितलं होतं तुम्हाला?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "आमच्याकडे असंच करतात."

खोटं कशाला बोलू, छाती फुगली. नाला साफ करण्याचं माझं ज्ञान इथे गुन्हा ठरलं होतं, पण मोजण्याचं ज्ञान नाही. ज्या वहीनं एकतीस वर्षांत मला फक्त ऑडिटवाल्यांचे टोमणे मिळवून दिले, तिच्या झेरॉक्स एका परक्या नगरपालिकेत तीन-तीन प्रतींत निघत होत्या.

पुढचा महिना मी वसुलीवर होतो. ग्रेवालजींनी निम्म्या ओंडक्यांचे स्टूल करून बागेतल्या गझिबोत मांडले होते. "ले जाओ जी, ले जाओ," ते म्हणाले, आणि एका स्टूलवर त्यांचे वडील बसले होते त्यांना उठवायला लागले. पण कापलेली लाकडं चालणार नव्हती. त्यांच्या बदल्यात सिटीनं वादळात पडलेले मुळांसकट ओंडके आपल्या आवारातून दिले. मी टेप घेऊन आवारात गेलो आणि नोंदीच्या मापाचा एकेक निवडला. तिथला माणूस म्हणाला, "इंच दोन इंच इकडेतिकडे चालेल." मी म्हटलं, "तुम्हाला चालेल." पद्मजाताईंच्या तळ्यात एव्हाना कमळ लागलं होतं. धोंडे काढताना त्या काही बोलल्या नाहीत, फक्त चहा द्यायला विसरल्या. अरुणाची मेथी आडवी झाली. आणि माझी ती देशबांधव ब्लॅकबेरी! हीथर म्हणाली, सगळ्यात आधी हीच उपटायला हवी होती, कारण ती बाहेरून आलेली आणि इथल्या झुडपांना जगू देत नाही. मी उपटली त्यातली बहुतेक झुडपं मात्र इथली, हक्काची होती. म्हणजे मी मूळ रहिवाशांना हुसकून उपऱ्याला अभय दिलं होतं. उपरा म्हणून मला थोडं वाईट वाटलं, पण काटे हातात शिरल्यावर तेही गेलं.

मासे हलवायच्या दिवशी ऊर्मी काठावर येऊन उभी राहिली. माझ्यापासून दहा फूट लांब. मी साफ केलेल्या भागात जाळ्याला काही लागलं नाही. एकदा टाकलं, दोनदा टाकलं. हीथरनं माझ्याकडे बघायचं टाळलं. नऊ दिवस मी किती आनंदानं राबलो होतो, ते आठवून शरमेनं मान वर होईना. मग हीथर आणि तिची माणसं खालच्या वळणावरच्या डोहाशी गेली, कंबर धरल्यामुळे माझ्या हातून राहिलेल्या. पहिल्याच वेळी जाळं चमकलं. बोटाएवढी पिल्लं, अंगावर पट्टे, बादलीत भिरभिरणारी. ऊर्मीनं मोजायला सुरुवात केली. सेहेचाळीस. आसरा गेल्यावर ती खाली पळाली होती आणि तिथे टिकली होती.

"थँक गॉड फॉर हिज बॅक," ऊर्मी आजीला म्हणाली. माझ्याशी नव्हे, पण माझ्याविषयी. मी तेवढ्यावर आठवडा काढला.

चौदा सप्टेंबरला शेवटचा ओंडका बसला. पावसाचा अंदाज होता, मशीनवाला घाई करत होता, आणि मी छत्री, टेप आणि वही घेऊन काठावर उभा राहून ओरडत होतो, "लेफ्ट! ट्वेंटी सेंटिमीटर लेफ्ट!" सतरा नंबरचा ओंडका त्यानं तीनदा उचलला आणि तीनदा ठेवला. चौथ्यांदा टेपवर नेमका आला. हीथरनं नट आवळला. पंधरा तारखेला ती पूर्ततेचं पत्र घेऊन आली. चैत्रालीच्या नावापुढे 'प्रकरण बंद' असा शेरा. मी ते पत्र चैत्रालीला दिलं तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "बाबा, फ्रिजवर लावू?" मी म्हटलं, लाव.

पण पत्रानं क्रीक पूर्ववत होतो, मासे येतात असं नाही. ऑक्टोबरभर मी रोज सकाळी फाटकाशी जाऊन उभा राहायचो. पाण्याला हात लावायचा नाही, खडा हलवायचा नाही, पान काढायचं नाही. काही न करता उभं राहणं हे नोकरीत मला कधी जमलं नव्हतं. (माझ्या हाताखालच्या बऱ्याच जणांना छान जमायचं.) पाऊस लागला. नाला फुगला, ओंडक्यांशी अडला, वळला, त्यांच्याखाली गोल फिरायला लागला, आणि एकाही बेसमेंटमध्ये पाणी आलं नाही. पण मासा येईना. हीथरनं सांगितलं होतं, वरच्या भागात गेल्या वर्षी फक्त दोन जोड्या आल्या. यंदा आल्या नाहीत तर कारण कुणी विचारणार नव्हतं, आणि ते मला झोप लागू देत नव्हतं.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ऊर्मीचा वर्ग क्रीक बघायला आला. वीस पोरं, रेनकोट, त्यांच्या बाई आणि हीथर. मी डेकवरच थांबलो होतो, आपण जाणं बरं दिसणार नाही म्हणून. अरुणानं माझ्या डोक्यावर टोपी चढवली आणि ढकललं.

पोरं ओळीनं काठावर बसली होती. पाऊस पडतच होता. सतरा नंबरच्या ओंडक्याखालून पाण्यात काहीतरी लालसर हललं. आधी मला पान वाटलं. मग ते वळलं. हातभर लांब मासोळी, शेपटी झिजून पांढरी झालेली, समुद्रातून एवढी वर चढून आलेली. ती ओंडक्याच्या आडोशाला थांबली, थोडी टेकली, आणि मागून दुसरा मासा आला. हीथर हळूच म्हणाली, "कोहो. पेअर." म्हणजे कोहो जातीच्या सॅमनची जोडी. तिनं क्लिपबोर्डवर वेळ लिहिली.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पावसात ते कुणाला दिसलं नसावं. एकतीस वर्षं मी नाले केले ते पाणी लवकर निघून जावं म्हणून. कुणी यावं म्हणून केलेला नाला मी पहिल्यांदाच बघत होतो. आणि तो करणारी होती एक नगरपालिका! आमच्याच जातीची! मला त्या क्षणी आमच्या सगळ्या खात्याचा, जगातल्या झाडून सगळ्या मुकादमांचा, मोजणीदारांचा आणि या गमबूट घातलेल्या बाईचा असा काही अभिमान वाटला की मी टोपी काढली.

वर्गाच्या बाईंनी मागे वळून बघितलं आणि विचारलं, "आणि हे कोण?"

ऊर्मी उठली. चिखलातून माझ्यापर्यंत आली आणि तिनं माझा हात धरला. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

"दिस इज माय आजोबा," ती वर्गाला म्हणाली, खणखणीत आवाजात. "ही ब्रोक द क्रीक. देन ही फिक्स्ड इट."

आता, पहिलं वाक्य वगळलं असतं तरी कुणाचं काही अडलं नसतं. वीस पोरं माझ्याकडे टकामका बघत होती. अरुणा डेकवरून मान हलवत होती, आता हा माणूस खुलासा देणार, या भीतीनं. आणि खुलासा तयारही होता माझ्याजवळ, तीन मुद्द्यांचा, ग्रेवालजींच्या पाइपसकट. पण पोरीनं नोंद बरोबर केली होती. काही वाढवलं नव्हतं, काही दडवलं नव्हतं, क्रमही खरा होता. माझ्या हाताखालच्या एकाही माणसानं इतका स्वच्छ अहवाल मला कधी दिला नव्हता.

मी छाती पुढे काढली आणि म्हणालो, "करेक्ट."